तीन मीटरची माया

सोमवार, ८ जानेवारी

ती. मावशीस,

मोजून दोन नमस्कार. एक तुला, एक तुझ्या शिलाई मशीनला.

पोचलो. नोकरी सुरू झाली. फोनवरच सांगितलं असतं, पण मशीन चालू असताना तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः जुळवतेस. पत्र बरं. पुन्हा वाचता येतं.

मैदान फार मोठं आहे. चाळीस हजार खुर्च्या आहेत, म्हणजे फाटकावर तसं लिहिलेलं आहे. मी पहिल्या दिवशी मोजायला घेतल्या होत्या, पण मुकादमांनी हाक मारली आणि आकडा विसरलो. इथे दोन खेळ होतात. एक फुटबॉल, तो तुला माहीत आहे. दुसरा रग्बी. त्यात चेंडू लांबोळका असतो, तो हातात घेऊन पळतात, आणि पळणाऱ्याला बाकीचे धरून पाडतात. गवत मात्र दोघांना एकच. एका आठवड्यात रग्बी, दुसऱ्यात फुटबॉल. प्रत्येक वेळी जुन्या रेघा हिरव्या रंगाने बुजवायच्या आणि नव्या पांढऱ्या आखायच्या. हे माझं काम.

नोकरी दोन महिन्यांच्या बोलीवर आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर मी सध्या कच्चा टाका आहे. फेब्रुवारीनंतर व्यवस्थापक बाई ठरवतील, पक्की शिलाई घालायची की उसवायचं. तू मला दुकानातून काढलंस तेव्हा म्हणालीस की मी इतक्या वेळा मोजतो की तेवढ्यात गिऱ्हाईक जाड होतं. इथे तो प्रश्न नाही. मैदान जाड होत नाही. म्हणून मला वाटतं की हेच माझं काम आहे. हे गेलं तर दुसरं कुठलं असेल, ते मला सुचत नाही.

इथे माझं नाव वेलांटी पडलं आहे. अर्जाच्या छापील नमुन्यात 'अर्जदाराची सहि' असं होतं. मी 'हि' खोडून 'ही' केली आणि मग सही केली. मुकादम म्हणाले, "अरे, सही मागितली होती. वेलांटी नाही."

तुझा,
इंच्या


रविवार, १४ जानेवारी

चि. इंच्यास,

आशीर्वाद, न मोजता.

मी तुला काढलं नव्हतं. मी म्हटलं होतं, जा बाबा कुठेतरी, जिथे घाई नाही. एका पोलक्याला तीन दीवस. त्या शाळेतल्या बाई अजून दारातून डोकावून विचारतात, "तो आहे की गेला? गेला असेल तर शिवायला टाकते."

आता मला सांग, कापड एकच, आणि या आठवड्यात त्याचा सदरा, पुढच्या आठवड्यात त्याचाच परकर? कुठल्या हूशार माणसाने हे काढलं? माझ्या गिऱ्हाइकाने असं सांगितलं असतं तर मी कात्री खाली ठेवून त्याला पाणी प्यायला दिलं असतं.

एक मात्र लक्षात ठेव. काहीही आखलंस तरी माया सोड. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड. तू माझ्याकडे असताना माया सोडायला नेहमी कुरकुर करायचास, म्हणायचास मोजलंय तर जास्तीचं कशाला. माणूस चुकतो, कापड आटतं, परंतू माया असली की निभतं.

समोरचा इस्त्रीवाला विचारत होता, भाचा आठ दिवसांत परत येणार ना? म्हटलं, येतो कशाला, तो मोठ्या मैदानावर असतो, टीव्हीवर दाखवतात त्या. तो गप्प झाला. अठरा वर्षांत तो गप्प झालेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

त्याच्या टीव्हीवर परवा ते रगबी लागलं होतं. सोळा माणसं एकमेकांत डोकी खुपसून उभी. काय शोधत होती? बटण पडलं असेल तर एकाने वाकून शोधावं.

मावशी


रविवार, २१ जानेवारी

ती. मावशीस,

नमस्कार दोन, मागच्याप्रमाणेच.

ती सोळा माणसं काही शोधत नाहीत. ती ढकलतात. नियम असा आहे की चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेघेपर्यंत नेऊन हाताने जमिनीला टेकवायचा. त्याचे पाच गुण. नुसतं पलीकडे पळून गेलं तर काही मिळत नाही. टेकवावाच लागतो.

मला इथे एका गोष्टीने चैन पडत नाही. रेघ कुणाची? फुटबॉलमध्ये बाजूची रेघ आतली धरतात. चेंडू रेघेवर असला तरी तो खेळात आहे, अख्खा बाहेर गेला तरच गेला. रग्बीत तीच रेघ बाहेरची. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा बूट नुसता टेकला तरी माणूस बाद. म्हणजे दहा सेंटिमीटरची रेघ या आठवड्यात एकाची असते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. मी मुकादमांना विचारलं, "रेघेची जाडी मापाच्या आत धरू की बाहेर?" ते म्हणाले, "वेलांटी, चहा घे."

आखण्यापेक्षा पुसणं अवघड आहे. हिरवा रंग बादलीत हिरवा दिसतो, पण गवत सकाळी एक हिरवं असतं आणि दुपारी दुसरं. मी सात छटा कालवून पाहिल्या. पहिल्या वेळी वरच्या रांगेत जाऊन मुकादम म्हणाले, "ही रेघ पुसलीस की अधोरेखित केलीस?" आता जमतं. आता मी पुसलेली रेघ मलाही सापडत नाही.

खरी चिंता पुढे आहे. २४ फेब्रुवारीला शनिवारी रग्बीचा मोठा सामना, आणि २५ ला, लगेच रविवारी दुपारी, फुटबॉलचा. मधल्या वेळात रग्बीचे उंच खांब काढायचे, फुटबॉलचे जाळीवाले लावायचे आणि सगळ्या रेघा बदलायच्या. व्यवस्थापक बाई तेच बघून माझं ठरवणार आहेत. मी हिशेब केला. मला चौदा तास लागतात. मिळणार आहेत अकरा.

तुझा,
इंच्या

ता. क. 'दीवस' नव्हे, 'दिवस'. 'हूशार' नव्हे, 'हुशार'. 'परंतू' नव्हे, 'परंतु'. 'रगबी' नव्हे, 'रग्बी'.


शुक्रवार, २ फेब्रुवारी

चि. इंच्यास,

दिवस, हुशार, परंतु. झालं समाधान? रगबी मात्र रगबीच राहील. त्या खेळात माणसांचे पाय मोडतात तेवढे पुरे, मी 'ग'चा पाय मोडणार नाही.

तुझ्या तीन तासांचं सांगते. तुझ्या डोळ्यांसमोर मी हे शंभर वेळा केलंय, पण तू तेव्हा टेप घेऊन बसलेला असायचास. एका कापडातून दोन कपडे काढायचे तर मी दोन्ही आधीच आखून ठेवते. पहिला गडद खडूने, दुसरा फिक्या खडूने. पहिल्याचं काम चाललेलं असताना दुसऱ्याच्या खुणा तिथेच असतात, कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. तू शुक्रवारी रग्बीच्या रेघा रंगवल्यास की त्याच गवतावर फुटबॉल फिक्या खडूने आखून ठेव. रविवारी मोजायला नको, नुसता त्यावरून रंग न्यायचा. तुझा वेळ मोजण्यात जातो, आखण्यात नाही.

बघ, चुकून 'रग्बी' लिहिलं. तुझ्यामुळे हात बिघडला. रगबी.

तुझ्या पाठीवर नंबर कितवा असतो? सहज विचारते.

२४ तारखेला सगळी गल्ली इस्त्रीवाल्याकडे टीव्ही बघायला जमणार आहे. मी कुणाला बोलावलेलं नाही. स्टुलं मात्र माझ्या दुकानातली जाणार आहेत.

मावशी


रविवार, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,

नमस्कार.

आधी एक. 'रग्बी'तल्या 'ग'चा पाय मोडलेला नाही. तो अर्धा 'ग' आहे. अर्धा असणं आणि पाय मोडणं यांत फरक आहे.

माझ्या पाठीवर ११ असतो. मैदानाच्या कामगारांना हिरवे कोट दिले आहेत, त्यावर आकडे आहेत आणि मी अकरावा लागलो. तू सहज काही विचारत नाहीस, म्हणून मला वाटतं तू कोट शिवून पाठवणार आहेस. नको. बाह्या दोन इंच लांब आहेत, पण मी दुमडून टाके घातले आहेत.

गल्लीला सांग की माझ्यासाठी टीव्ही लावू नका. सामना चालू असताना मी खेळाडू बाहेर येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी खाली बसलेला असतो. मी दिसलो तर काहीतरी चुकलं आहे असं समज.

फिक्या खडूची युक्ती मी एका कोपऱ्यात करून पाहिली. खडूची भुकटी पाण्यात पातळ केली आणि हात हलका ठेवला. मग चार ठिकाणांहून बघितलं. वरच्या रांगेतून, मधल्या रांगेतून, खालच्या रांगेतून आणि मुकादमांच्या खिडकीतून. कुठूनच दिसत नाही. वेळ लावून पाहिला. चौदाचे दहा तास होतात. मावशी, म्हणजे एक तास उरतो. इतकी वर्षं मला कधी तासभर उरलेला नाही.

मुकादमांना विचारलं नाही. विचारलं की ते चहा घे म्हणतात.

तुझा,
इंच्या


रविवार, २५ फेब्रुवारी

ती. मावशीस,

मशीनला तेल घालून ठेव. मी बहुधा परत येतोय.

काल रग्बीच्या सामन्यात शेवटची चार मिनिटं होती. आपला संघ तीन गुणांनी मागे. आपल्या डाव्या बाजूच्या गड्याने चेंडू पकडला आणि निम्म्या मैदानातून एकटाच सुटला. त्याला धरायला कोणी उरलं नव्हतं. तो आत वळून खांबांच्या समोर आला, खाली बघितलं, रेघ दिसली, त्याने चेंडू तिच्यावर अलगद टेकवला आणि दोन्ही हात वर केले.

ती रेघ रग्बीची नव्हती. माझी होती. फुटबॉलच्या गोलसमोर जो छोटा चौकोन असतो त्याची, फिक्या खडूची. रग्बीची खरी रेघ आणि ते उंच खांब तिथून पुढे होते. किती पुढे ते मी नंतर मोजलं. तीन मीटर, शून्य सेंटिमीटर.

त्याचे हात वर असताना समोरच्या संघातल्या एकाने वाकून चेंडू उचलला, त्याच्याकडे आभार मानल्यासारखं बघितलं आणि लाथेने प्रेक्षकांत पाठवला. चाळीस हजार माणसं आधी ओरडली, मग गप्प झाली, मग हसली. हसणं सगळ्यांत जास्त चाललं. सामना तीन गुणांनीच गेला.

मी चारही ठिकाणांहून पाहिलं होतं. पळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कारण मी पळत नाही.

आजच्या फुटबॉलच्या रेघा तासभर आधी तयार झाल्या. युक्ती चालली, हे खेदाने कळवतो.

सकाळी बाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, ती रेघ कुठून आली? मुकादम म्हणाले, "मागच्या फुटबॉलची राहिली असेल. पाणी मारलं की येते कधी कधी वर." बाई बरं म्हणाल्या. खडूची रेघ तोपर्यंत पांढऱ्या रंगाखाली गेली होती. मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण राहिली असेल म्हणजे मी नीट पुसली नव्हती असा अर्थ होतो, मावशी. मी नीट पुसली होती.

म्हणून मी लेखी दिलं. एक पान, सोबत आकृती. शुद्धलेखन दोनदा तपासलं. त्यात तुझं नाव नाही. 'एका अनुभवी व्यक्तीच्या सल्ल्यावरून' असं आधी लिहिलं होतं, तेही खोडलं. मुकादमांनी पान वाचलं आणि पहिल्यांदाच चहा घे म्हणाले नाहीत.

निर्णय सोमवारी, ४ मार्चला.

तुझा,
इंच्या


बुधवार, २८ फेब्रुवारी

इंच्या,

मशीनला तेल घातलेलं आहे. ते मला बसायचं आहे म्हणून. तू येऊ नकोस.

आता मी तुझ्यापासून लपवलं ते सांगते. गल्लीला वाटत होतं तू रगबी खेळतोस. मी तसं कधी म्हटलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही. तू ११ नंबर कळवलास तेव्हा इस्त्रीवाल्याने तो खडूने टीव्हीच्या वर भिंतीवर लिहून ठेवला. तुझं पत्र मी वाचलं होतं, कोट, बोगदा, सगळं. पण स्टुलं तोपर्यंत गेली होती.

शनिवारी हिरव्या कपड्यातला तो ११ नंबर चेंडू घेऊन सुटला. सगळी गल्ली उभी राहिली.

"बाई, तुमचा पोरगा बघा काय पळतोय," इस्त्रीवाला म्हणाला.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, हा एवढा उंच कधी झाला?"

"तिकडचं पाणी मानवलं असेल," मी म्हटलं. देवा, मी असं म्हटलं.

मग तो टेकवून हात वर करून उभा राहिला आणि सगळं तुला माहीत आहे ते झालं. इस्त्रीवाला म्हणाला, "तुमचाच तो. शंका नको. एवढं मोजून मोजून शेवटी तीन पावलं कमी." सगळे हसले. इतके हसले की माझं एक स्टूल मोडलं.

मी उठून घरी यायला निघाले होते, तेवढ्यात त्यांनी टीव्हीवर ती रेघ जवळून दाखवली. फिका खडू. हात हलका. इंच्या, तुझी रेघ मी हजारांत ओळखीन. मी परत फिरले.

"हा पळणारा माझा कोणी नाही," मी म्हटलं.

"मग तुमचा भाचा कुठंय?"

"ती रेघ दिसते ना? ती माझ्या भाच्याची. तो ते करतो. आणि ती तिथे घालायला त्याला मी सांगितलं होतं. हसायचं तर मला हसा."

कोणी हसलं नाही. सगळे वाकून रेघेकडे बघत राहिले. जरा वेळाने इस्त्रीवाला म्हणाला, "सरळ आहे पण." आणि मग जळका वास आला. शाळेतल्या बाईंच्या यजमानांचा सदरा, पाठीवर अख्खी इस्त्री उमटली. ठिगळ मी लावून देणार आहे.

तुझ्या बाईंना मी पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलं ते सांगणार नाही. तू चुका काढशील.

मावशी


शनिवार, ९ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार चार. दोन राहिले होते.

तुझ्या मागच्या पत्रात 'रगबी' सोडून एकही चूक नव्हती. तू घाबरली होतीस का?

सोमवारी मला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे बाई, बाजूला मुकादम. बाईंच्या समोर दोन कागद होते, एक माझा आणि एक तुझा. त्यांनी तुझा मोठ्याने वाचला. मी जमिनीकडे बघत होतो. बाईंच्या खोलीतल्या फरश्या रुंदीला अकरा आणि लांबीला चौदा आहेत.

"'मुलगा मोजतो ते बरोबर मोजतो,'" बाई वाचत होत्या. "'आधीच आखून ठेवायला मी सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला, मंगळवार सोडून मी दुकानात असते. आणि तुम्हाला एकाच कापडात दोन कपडे बसवायचेच असतील, तर दुसऱ्या रंगाचा खडू का ठेवत नाही? एवढं मोठं मैदान बांधलंत.'"

बाईंनी मुकादमांकडे बघितलं. "का ठेवत नाही?"

"ठेवतो की. निळा आहे. आधी खुणा करायच्या तर निळ्याने करतात, खेळाडूंना माहीत असतं. याने विचारलं नाही."

"तुम्हाला विचारलं की तुम्ही चहा घे म्हणता," मी म्हटलं. ते तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही.

"मग घेत होतास का?" बाईंनी विचारलं.

"घेत होतो."

बाईंनी माझं पान उचललं. "आकृती छान आहे," म्हणाल्या. त्या पुढे काय बोलणार होत्या ते माहीत नाही, कारण दार ढकलून तो ११ नंबरचा खेळाडू आत आला. खुर्चीत मावत नाही असा माणूस आहे. मला वाटलं, आता हा मला धरून पाडणार.

"ती रेघ कुणाची?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मी जानेवारीपासून सगळ्यांना विचारत होतो. मी उभा राहिलो. "माझी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाईंना म्हणाला, "बाई, मी सहा वर्षं खेळतोय. कुठल्याच मैदानावर मला एवढी सरळ रेघ दिसली नाही. पळताना खांब दिसत होते, पण म्हटलं, खांब चुकले असतील, ही रेघ चुकणार नाही." मग मला म्हणाला, "माझ्या घरी आता मला तीन मीटर म्हणतात. याला ठेवा, पण मला सांगितल्याशिवाय याने काही आखायचं नाही."

मुकादम खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

मावशी, नोकरी पक्की झाली. अट एकच. प्रत्येक सामन्याआधी, चाळीस हजार माणसं बसलेली असताना, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन खाली बघायचं. खोटी रेघ दिसली तर सांगायचं. परवा पहिल्यांदा पळालो. वरच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. टीव्हीवर दाखवतात म्हणे.

आता खरी अडचण. नेमणुकीच्या कागदावर टंकलेखनाची चूक आहे. 'पद : रेघ आखणारा' असं हवं. तिथे 'रेघ राखणारा' असं झालं आहे. पाच दिवस कागद खिशात घेऊन फिरतोय. चुकीच्या शब्दाखाली सही केली तर ती खरी धरतात का? परत केला आणि बाईंचं मन बदललं तर? पहिल्या वेलांटीने मला नाव मिळालं, या वेळी नोकरी जाईल. वीस तारखेपर्यंत सही करून द्यायची आहे. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
इंच्या


गुरुवार, १४ मार्च

चि. इंच्यास,

आशीर्वाद. पेन खाली ठेव, खोडू नकोस.

ती चूक नाही. माया आहे. आखणाऱ्याला त्यांनी एक 'र' जास्तीचा सोडलाय. पुढे तू वाढलास तर उसवून मोठं करता येईल. आणि तू राखलीसच की ती. मुकादमाने तुला आयती वाट काढून दिली होती, तरी तू ती रेघ दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ दिली नाहीस. सही कर आणि चहा घे.

तुझं पळणं आम्ही टीव्हीवर बघितलं. कोपरं आत घे, शिवण उसवल्यासारखा पळतोस. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हा आपला. उंची बरोबर आहे."

गल्लीतलं कोणी आता खेळाडूंकडे बघत नाही. सगळे रेघांकडे बघतात. कालच इस्त्रीवाला म्हणाला, "आपली डावीकडची रेघ यंदा जरा बारीक वाटते." म्हटलं, तू इस्त्रीकडे बघ.

मावशी


बुधवार, २० मार्च

ती. मावशीस,

नमस्कार.

सही केली. कागद दिला. बाईंनी बघितला आणि कपाटात ठेवला. तो आता कपाटात आहे, आणि त्यावर 'राखणारा' असं आहे.

डावीकडची रेघ मोजली. दहा सेंटिमीटरच आहे. इस्त्रीवाल्या काकांना सांग, कॅमेरा तिरका असतो. तरी उजवीकडचीही मोजून ठेवली आहे, त्यांनी विचारलं तर.

मुकादमांनी मला निळ्या खडूचा डबा दिला. मी विचारलं, हा रविवारच्या रेघेच्या आत लावायचा की बाहेर? ते उठून गेले. स्वतःच दोन कप घेऊन आले, बसले, आणि आम्ही तासभर रेघ कुणाची यावर बोललो. ते म्हणतात, रग्बीत बाजूची रेघ बाहेरची हे त्यांना मान्य नाही, तीस वर्षांपासून मान्य नाही.

मोडलेल्या स्टुलाचा पाय किती इंचाचा होता ते कळव. इथे रेघेच्या खुंट्यांचं लाकूड उरलं आहे, बरोबर मापाचा करून पाठवतो.

येत्या शनिवारी रगबी आहे. सव्वादोनला बघा. कोपरं आत घेतली आहेत.

तुझा,
इंच्या

ता. क. वर एक चूक आहे. मी पाहिली आहे. राहू दे.